पावसाची खतावणी आणि उपग्रहांची रुजवात



ज्यांच्या स्मृतीस ही व्याख्यानमाला वाहिलेली आहे त्यांना शास्त्रीय विषय मराठीतून, आणि तेही आपल्या पायाखालच्या भूमीशी त्यांचा संबंध जोडून, मांडले जावेत अशी तळमळ होती, हे चालकांनी निमंत्रण देतानाच मला आवर्जून कळविले होते; आणि म्हणूनच, ज्याचा सारा कारभार पृथ्वीपासून शेकडो किलोमीटर उंचीवर चालतो अशा विषयावर बोलण्यासाठी मी उभा असलो, तरी माझ्या विवेचनाचा पाया महाबळेश्वरच्याच पठारावर घालण्याचे मी योजिले आहे. विषय आहे पृथ्वीचे निरीक्षण करणाऱ्या उपग्रहांवरील संवेदकांच्या अंशशोधनाचा. उपग्रहावरील यंत्राने दिलेला आकडा कोणत्या ज्ञात प्रमाणाशी ताडून पाहिला गेला, तो आज जितका खरा आहे तितकाच वीस वर्षांनंतरही राहील याची हमी काय, आणि एक उपग्रह निकामी होऊन त्याच्या जागी दुसरा आला म्हणजे दोघांच्या नोंदी एकाच खात्यात कोणत्या अधिकाराने जमा करावयाच्या, असे हे प्रश्न आहेत. सभा येथे भरली आहे एवढ्यावरच मी महाबळेश्वराचा आधार घेत नाही. आकाशातून मोजलेला पाऊस आणि जमिनीवर प्रत्यक्ष पडलेला पाऊस यांत ज्या प्रदेशांत मोठी तफावत पडते त्यांत सह्याद्रीच्या या माथ्याची गणना होते. आणि जेथे हिशेब चुकतो तेथेच रुजवात घालावी लागते.

साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज आणि मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्यात 1828-29 च्या सुमारास जो व्यवहार झाला, त्यातून येथे माल्कमपेठ वसली, आणि वस्तीच्या पाठोपाठ पाऊस मोजण्याचा शिरस्ताही येथे आला. दख्खनचा सांख्यिकी तपास करण्याच्या कामगिरीवर ज्यांनी अनेक वर्षे घालविली त्या कर्नल साइक्स यांनी 1850 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात भारतातील हवामाननिरीक्षणांची जी चर्चा केली, तीत महाबळेश्वरच्या पावसाला महत्त्वाचे स्थान होते. घाटमाथ्याकडे चढत जावे तसतसा पाऊस वाढतो, आणि सुमारे साडेचार हजार फुटांनंतर तो पुन्हा घटू लागतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. भारतीय हवामान खाते स्थापन झाले ते 1875 मध्ये. म्हणजे खाते जन्मास येण्यापूर्वी कित्येक वर्षे या गावात कोणीतरी रोज सकाळी पावसाचे पाणी मोजून वहीत उतरवीत होते. अशा दीर्घ नोंदीचे मोल किती, हे उपग्रहांच्या युगातच खऱ्या अर्थाने समजू लागले आहे.

ही नोंद कशी होते ते जरा जवळून पाहू. पर्जन्यमापक हे यंत्र दिसावयास अगदी साधे आहे. जमिनीपासून तीस सेंटिमीटर उंचीवर ज्याची कड येते असे एक नरसाळे, ती कड तंतोतंत वर्तुळाकार आणि धारदार, आणि खाली पाणी साठविणारी बाटली, एवढाच त्याचा पसारा. हवामान खात्याच्या प्रचलित मापकांत नरसाळ्याचे तोंड 100 किंवा 200 चौरस सेंटिमीटरांचे असते, आणि बाटल्या दोन, चार वा दहा लिटरांच्या. सकाळी साडेआठ वाजता निरीक्षक जातो, बाटली काढतो, पाणी अंशांकित नळकांड्यात ओततो, नळकांडे डोळ्याच्या पातळीवर धरून आकडा वाचतो आणि वहीत लिहितो. आषाढातल्या महाबळेश्वरात हे काम म्हणजे काय, याची कल्पना येथील रहिवाशांना मी द्यावयास नको: ढग अंगणात उतरलेला, दहा पावलांवरचे झाड दिसत नाही, वारा पावसाला आडवा नेतो आणि नरसाळ्याच्या तोंडावरून कित्येक थेंब आत न पडताच निघून जातात. त्यातही बाटली कोणती याला महत्त्व आहे. 100 चौरस सेंटिमीटर तोंडाखाली चार लिटरची बाटली असेल, तर 400 मिलिमीटर पावसाला ती काठोकाठ भरते आणि त्यापुढचा पाऊस बाटलीबाहेर जातो. 23 जुलै 2021 च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरास सुमारे 594 मिलिमीटर पाऊस झाला. त्याच आपत्तीत पाटण तालुक्यातील आंबेघर व मिरगाव आणि घाटाखाली महाड तालुक्यातील तळिये येथे दरडी कोसळून फार मोठी जीवितहानी झाली. अशा दिवशी मापकाखाली योग्य आकाराची बाटली असणे हीच मोठी गोष्ट ठरते.

आता आकाशाकडे वळू. येथे एक गोष्ट प्रथमच स्पष्ट करणे आवश्यक आहे, की कोणताही उपग्रह पाऊस मोजत नाही. तो मोजतो ते प्रारण: पृथ्वीवरून, ढगांवरून, समुद्रावरून निघून त्याच्या यंत्रापर्यंत पोचलेला प्रकाश, उष्णतेचे अवरक्त किरण, किंवा त्याहून लांब तरंगांचे सूक्ष्मतरंग. यंत्रात शेवटी उमटते ती केवळ एक विद्युत्संख्या. त्या संख्येपासून प्रारणाचे मान काढणे हे अंशशोधन. आणि त्या प्रारणापासून पावसाचे, वनस्पतींच्या हिरवेपणाचे किंवा समुद्राच्या तापमानाचे अनुमान करणे हे पुढचे, वेगळे काम. पहिली पायरी चुकली तर दुसरी कितीही कुशलतेने चढली तरी उपयोग नाही. आणि पहिली बरोबर असूनही दुसरी चुकू शकते. वृत्तपत्रांतून जेव्हा उपग्रहाचा अंदाज चुकल्याची बातमी येते, तेव्हा दोष यंत्राचा की अनुमानाचा हे क्वचितच सांगितले जाते, आणि माझ्या मते या विषयातील निम्मा गोंधळ तेथूनच उत्पन्न होतो.

बाजारातील दुकानदाराची वजने-मापे ठरावीक मुदतीने सरकारी कचेरीत नेऊन, प्रमाण वजनाशी ताडून, त्यांवर शिक्का उमटवून घेता येतो. उपग्रह मात्र एकदा सुटला की परत कचेरीत आणता येत नाही. उड्डाणापूर्वी प्रयोगशाळेतल्या निर्वात कक्षात त्याची कसून परीक्षा होते हे खरे. आपल्याकडील उपग्रहांच्या संवेदकांसाठी हे काम अहमदाबादचे अंतरिक्ष उपयोग केंद्र करते. पण उड्डाणाचे हादरे, अवकाशातील अतिनील किरण, वातावरणाच्या वरच्या थरातील आणवीय ऑक्सिजन, दिवसातून अनेक वेळा उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात होणारे स्थित्यंतर, या सर्वांचा परिणाम होऊन यंत्राची दृष्टी हळूहळू मंद होते. म्हणून प्रमाण वजने उपग्रहाबरोबरच पाठवावी लागतात. 1988 च्या मार्च महिन्यात सोडलेल्या आपल्या आयआरएस-1ए या पहिल्या कार्यकारी दूरसंवेदन उपग्रहाच्या कॅमेऱ्यांची परीक्षा घेण्यासाठी त्यांच्यातच लहान प्रकाशदीप बसविलेले होते. पावसाचा वेध घेणाऱ्या सूक्ष्मतरंग प्रारणमापीची व्यवस्था याहून सुंदर आहे. त्याची तबकडी एका मिनिटात तीसहून अधिक फेरे घेते, आणि प्रत्येक फेऱ्यात संवेदक दोन ज्ञात गोष्टींकडे पाहतो: ज्याचे तापमान अचूक ठाऊक आहे असा यंत्रातलाच एक उष्ण ठोकळा, आणि एका लहानशा आरशातून दिसणारे रिकामे अवकाश, ज्याचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम 2.7 अंश आहे. एक बिंदू उष्णतेचा, दुसरा गारठ्याचा. त्या दोहोंमधून रेषा ओढली, की मधल्या प्रत्येक संख्येला तिचे तापमान मिळते. दर दोन सेकंदांनी यंत्राची उलटतपासणी, आणि तीही वर्षानुवर्षे!

इतकी दक्षता घेऊनही चूक कोठून शिरते, याचे एक उदाहरण मी सविस्तर सांगतो. नोव्हेंबर 1997 मध्ये अमेरिका व जपान या देशांनी मिळून जपानच्या तानेगाशिमा बेटावरून ट्रॉपिकल रेनफॉल मेझरिंग मिशन हा उपग्रह सोडला. उष्णकटिबंधातला पाऊस मोजणे हेच त्याचे काम, आणि अवकाशातून पाऊस पाहणारे पहिले रडार त्याच्यावर होते. त्याच्या सूक्ष्मतरंग प्रारणमापीचे आकडे मात्र अपेक्षेहून थोडे उष्ण येत. उष्ण ठोकळा ठीक, शीत आरसा ठीक, तरी तफावत कायम. पुढे लक्षात आले, की ज्या मोठ्या तबकडीवरून पृथ्वीचे प्रारण आत येते ती तबकडी अंशशोधनाच्या मार्गातच नव्हती! ठोकळा आणि शीत आरसा संवेदकाची परीक्षा घेत होते, तबकडीची कोणीच घेत नव्हते. आणि तिच्यावरचा धातूचा लेप, बहुधा आणवीय ऑक्सिजनाच्या माऱ्याने, बिघडून ती निव्वळ परावर्तन करण्याऐवजी स्वतःची थोडी उष्णता त्यात मिसळीत होती. 1998 मध्ये दुसऱ्याच एका उपकरणाच्या तपासणीसाठी हा उपग्रह पृथ्वीपासून उलटा वळवून रिकाम्या अवकाशाकडे तोंड करून धरण्यात आला होता. तेव्हा या मोठ्या तबकडीतूनही गार अवकाशच दिसावयास हवे होते, पण यंत्राने त्याहून काही अंश अधिक उष्णता नोंदविली, आणि रहस्य उलगडले. तबकडी उन्हात असताना अधिक तापते, सावलीत निवते. म्हणजे चूकही दिवसरात्रीप्रमाणे बदलणारी होती. ती सर्व जुन्या नोंदींतून वजा करता आली याचे कारण एकच, की मूळ विद्युत्संख्या जशाच्या तशा जपून ठेवलेल्या होत्या. शोधिलेले आकडे तेवढे ठेवून मूळ दप्तर गहाळ झाले असते, तर पहिल्या वर्षांची सारी निरीक्षणे कायमची संशयास्पद राहिली असती. 2014 च्या फेब्रुवारीत याच कार्यासाठी ग्लोबल प्रेसिपिटेशन मेझरमेंट या मोहिमेचा मुख्य उपग्रह गेला. त्याचा प्रारणमापी घडविताना तबकडीच्या लेपाकडे विशेष लक्ष पुरविण्यात आले, आणि उष्ण ठोकळा व शीत अवकाश यांच्या जोडीला आणखी एक स्वतंत्र ज्ञात संकेत यंत्रातच निर्माण करण्याची योजना झाली. आज जगातील इतर अनेक पर्जन्य-प्रारणमापींची मापे या एकाच्या मापाशी जुळवून घेतली जातात.

यंत्राच्या बाहेरही साक्षीदार शोधावे लागतात. चंद्र हा त्यांतला सर्वांत विश्वासू. त्याच्यावर हवा नाही, पाऊस नाही, झाडे नाहीत. कला आणि अंतर हिशेबात धरले, तर त्याचा पृष्ठभाग आपल्या कालमानाने जवळजवळ न बदलणारा आहे. समुद्राचा रंग पाहणारे सीविफ्स हे यंत्र 1997 पासून 2010 पर्यंत दरमहा चंद्राकडे वळविले जात असे, आणि त्याच्या दृष्टीचा झालेला ऱ्हास त्यावरूनच ठरत असे. पृथ्वीवर लिबियाच्या वाळवंटातील काही वालुकाप्रदेश याच कामी येतात. आपल्या देशात कच्छच्या रणाचा पांढरा, सपाट, कोरड्या ऋतूत निरभ्र आकाशाखाली पसरलेला विस्तार आहे. उपग्रह डोक्यावरून जाण्याच्या क्षणी शास्त्रज्ञ तेथे जमिनीचे परावर्तन आणि हवेतील धूलिकण मोजतात आणि दोन्ही हिशेब एकत्र मांडतात. समुद्राच्या रंगासाठी लक्षद्वीपातील कवरत्तीजवळ अशीच व्यवस्था आहे. इन्सॅट मालिकेतले आपले भूस्थिर हवामान-उपग्रह युरोपच्या मेटॉप उपग्रहावरील अत्यंत स्थिर अवरक्त वर्णपटमापीशी ताडून पाहिले जातात. जागतिक हवामान संघटनेच्या पुढाकाराने 2005 मध्ये उभारलेल्या आंतरअंशशोधनाच्या व्यवस्थेत भारताचाही सहभाग आहे.

हे सर्व कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. उद्याचा पाऊस सांगण्यासाठी इतकी सूक्ष्मता बहुधा लागणार नाही. लागते ती कालाच्या दीर्घ हिशेबासाठी. 1978 च्या अखेरीपासून अमेरिकेचे हवामान-उपग्रह सूक्ष्मतरंगांच्या साहाय्याने वातावरणाचे तापमान नोंदवीत आले आहेत. नासाचे स्पेन्सर आणि अलाबामा विद्यापीठातील ख्रिस्ती यांनी त्या नोंदी 1990 मध्ये प्रथम एकत्र जुळविल्या, आणि पुढील काही वर्षे त्यांच्या मालिकेत खालच्या वातावरणाची तापमानवाढ जवळजवळ दिसतच नव्हती. 1998 मध्ये वेन्ट्झ आणि शाबेल यांनी दाखवून दिले, की विरळ हवेच्या घर्षणाने उपग्रहांची उंची थोडीथोडी घटत होती, त्यामुळे त्यांच्या पाहण्याचा कोन बदलत होता, आणि त्यातून एक खोटी थंडी हिशेबात शिरत होती. 2005 मध्ये मिअर्स आणि वेन्ट्झ यांनी आणखी एक दोष उजेडात आणला: उपग्रह एखाद्या स्थळावरून जाण्याची स्थानिक वेळ वर्षागणिक सरकत होती, आणि त्या सरकण्याची जी दुरुस्ती पूर्वी केली होती तिचे चिन्हच उलटे पडले होते. ती चूक मूळ संशोधकांनी मान्य करून मालिका दुरुस्त केली. दर दशकास अंशाच्या दशांशात मोजावयाच्या बदलासाठी तितक्याच आकाराचे दोष यंत्राच्या चालीत लपलेले असू शकतात, हे ज्याने एकदा पाहिले, तो अंशशोधनाला गौण काम म्हणणार नाही.

आणि आता पुन्हा घाटमाथ्यावर येऊ, कारण येथील कथा याहून निराळी आहे. वरच्या उदाहरणांत दोष यंत्राचा होता. सह्याद्रीवर मात्र यंत्र निर्दोष असूनही पाऊस हातून निसटतो. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून येणारी दमट हवा या भिंतीला धडकून वर चढते, आणि येथे जो पाऊस पडतो त्याचा बराच भाग उंच, गडगडाटी ढगांतून पडत नाही. ढगांचे माथे पुष्कळदा गोठणबिंदूच्या पातळीच्या, म्हणजे सुमारे साडेपाच किलोमीटरांच्या, खालीच राहतात; त्यांत बर्फ नसते, पाण्याचे थेंब एकमेकांवर आदळून मोठे होतात आणि पाऊस होऊन उतरतात. आता अवरक्त किरणांनी पाहणारा उपग्रह ढगाचा माथा किती गार आहे यावरून पाऊस ठरवितो. माथा फारसा गार नाही, म्हणून पाऊस फारसा नाही, असे तो सांगतो, आणि त्याच वेळी खाली वेण्णा दुथडी भरून वाहत असते. सूक्ष्मतरंग प्रारणमापी जमिनीवरच्या पावसाचा वेध मुख्यतः ढगातील बर्फकणांनी विखुरलेल्या प्रारणावरून घेतो. बर्फच नसेल तर विखुरणार काय? समुद्रावर तो थेंबांचे स्वतःचे प्रारणही पाहू शकतो, परंतु जमीन स्वतःच इतकी उजळ दिसते की त्या पार्श्वभूमीवर थेंब लुप्त होतात. उरले रडार. अवकाशातले रडार डोंगरावरून परतणाऱ्या प्रतिध्वनीमुळे जमिनीलगतच्या साधारण एक-दोन किलोमीटरांच्या थरात अंध होते, आणि येथील पाऊस नेमका त्याच थरात वाढतो.

थेंबांच्या आकाराचाही प्रश्न आहे. रडारला थेंब दिसतो तो त्याच्या व्यासाच्या सहाव्या घातानुसार, आणि त्यातले पाणी असते व्यासाच्या तिसऱ्या घातानुसार. 2 मिलिमीटर व्यासाच्या एका थेंबात 1 मिलिमीटर व्यासाच्या आठ थेंबांइतके पाणी मावते, पण रडारला तो एकटा तसल्या चौसष्ट थेंबांइतका दिसतो. म्हणजे तेच पाणी लहान थेंबांतून पडले, तर रडारच्या दृष्टीला ते आठपट फिके. मार्शल आणि पामर यांनी 1948 मध्ये दिलेले प्रतिध्वनी आणि पाऊस यांचे प्रसिद्ध समीकरण येथे जसेच्या तसे वापरले, तर हिशेब चुकणारच, कारण महाबळेश्वरच्या पावसात बारीक थेंबांचे प्राबल्य असते. हे अनुमानाने सांगितलेले नाही, ते मोजलेले आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने 2012 मध्ये महाबळेश्वर येथे उच्चस्थानीय मेघभौतिकी प्रयोगशाळा स्थापन केली, ती याच कारणासाठी, की येथे ढग पाहावयास विमान लागत नाही. ढग स्वतःच प्रयोगशाळेच्या दारात येतो. तेथील डिसड्रोमीटर नावाच्या थेंबमापकाचा तळहाताएवढा पृष्ठभाग आकाशाकडे तोंड करून असतो. त्यावर पडणाऱ्या प्रत्येक थेंबाच्या आघातावरून त्याचा व्यास ठरतो, आणि मिनिटामिनिटाला कोणत्या आकाराचे किती थेंब पडले याची नोंद होत जाते. ढगाचे बीज होणारे सूक्ष्म कण, वर सरळ पाहणारे लहान पर्जन्यरडार, वातावरणातील बाष्प मोजणारा प्रारणमापी, अशी इतर साधनेही तेथे आहेत. आणि वाईच्या बाजूला मांढरदेवच्या डोंगरावर संस्थेची रडारे या सर्व पट्ट्यावर नजर ठेवीत आली आहेत.

मांढरदेवच्या रडारांचे महत्त्व एका साध्या गुणाकाराने पटेल. आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या उपग्रहीय पर्जन्यनोंदीचा एक चौकोन बाजूला सुमारे 11 किलोमीटर असतो. त्याचे क्षेत्रफळ पर्जन्यमापकाच्या 100 चौरस सेंटिमीटर तोंडाच्या बाराशे कोटी पट भरते. एवढ्या चौकोनाला एका नरसाळ्याची साक्ष पुरेशी मानावी काय? कोकणातल्या एखाद्या सपाट भागात कदाचित मानता येईल. येथे मुळीच नाही. महाबळेश्वरास वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, अठरा-वीस किलोमीटरांवरच्या पाचगणीस त्याचा सुमारे तिसरा हिस्सा, घाट उतरून वाईस गेले की सुमारे आठवा हिस्सा, आणि माणदेशात तर त्याहूनही कमी. जुन्या उपग्रहाच्या नोंदीतला चौकोन बाजूला 28 किलोमीटरांच्या आसपास होता, म्हणजे महाबळेश्वर आणि पाचगणी यांच्यामधल्या अंतराहूनही मोठा. अशा भूमीत मापक एका टोकाला, उपग्रह दुसऱ्या टोकाला, आणि दोघांच्या मध्ये दुभाषी म्हणून जमिनीवरचे रडार, अशी त्रिपदरी व्यवस्थाच उपयोगी पडते. त्या रडाराचे स्वतःचे अंशशोधन थेंबमापकाशी ताडून करावे लागते. आणि अवकाशातले पर्जन्यरडार फार स्थिर असल्यामुळे जगातील कित्येक भूरडारांची मापे त्याच्याशी पडताळण्यात आली आहेत. येथे मोठा आणि लहान असा भेद राहत नाही. आकाशातले यंत्र जमिनीवरच्याला तपासते, जमिनीवरचे आकाशातल्याला. आणि दोन्ही ठिकाणच्या चुका वेगळ्या जातीच्या असल्यामुळेच ही परस्परतपासणी सार्थ होते.

एका धोक्याचा मात्र निर्देश केलाच पाहिजे. अनेक उपग्रहीय पर्जन्यमालिकांच्या अंतिम आवृत्तीत जमिनीवरच्या मापकांचे मासिक आकडे आधीच मिसळून दुरुस्ती केलेली असते. पुढे कोणी संशोधक त्याच मापकांशी ती मालिका ताडून पाहतो आणि जुळणी उत्तम झाल्याचा दाखला देतो. ज्या साक्षीदाराची जबानी निकालात आधीच धरली गेली आहे, त्यालाच निकाल बरोबर आहे काय असे विचारण्यासारखे हे आहे. स्वतंत्र साक्ष हवी असेल, तर काही मापके अशी राखून ठेवावी लागतील की ज्यांचे आकडे दुरुस्तीत घेतले जाणार नाहीत, केवळ पडताळ्यासाठी उपयोगात येतील. आणि माझ्या समजुतीप्रमाणे कोयना आणि कृष्णा यांच्या उगमाकडील खोऱ्यांत अशी राखीव मापके ठेवण्यासारखी दुसरी निकड नाही. महाबळेश्वर, नवजा, कोयनानगर यांचे आकडे पावसाळ्यात रोज प्रसिद्ध होतात आणि ते सांगली-मिरजेपर्यंत काळजीने वाचले जातात, ते उगीच नव्हे. येथे पडलेले पाणी कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावरून सांगलीच्या आयर्विन पुलाखाली जाते. तेथील धोक्याची पातळी 45 फुटांची, आणि ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर चढले होते. दुर्गम दऱ्यांत मापके विरळ आहेत, तेथे उपग्रहाच्याच आकड्यावर विसंबावे लागते. तो आकडा पद्धतशीरपणे कमी येत असेल, तर धरणात येणाऱ्या पाण्याचा अंदाजही तितकाच कमी येईल.

येथील पाऊस वाढला की घटला, मुसळधार दिवसांचे प्रमाण बदलले काय, हा प्रश्न मला सर्वत्र विचारला जातो. तीस-चाळीस वर्षांच्या उपग्रहीय मालिकेवरून सह्याद्रीच्या माथ्यापुरते त्याचे उत्तर देण्यास मी धजत नाही, कारण त्या मालिकेत अनेक यंत्रे, अनेक कक्षा आणि अनुमानाच्या अनेक आवृत्त्या एकापुढे एक जोडलेल्या आहेत, आणि सांध्यावर पडलेली पायरी पुष्कळदा कल म्हणून वाचली जाते. जमिनीवरच्या नोंदीही या दोषापासून मुक्त नाहीत. हवामान खात्याने 1901 पासूनच्या दैनिक पावसाची जी चौकोनवार मालिका तयार केली, तीत देशभरातील सुमारे सात हजार मापकांच्या नोंदी आहेत, परंतु प्रत्येक वर्षी त्या सर्वांनी साक्ष दिलेली नाही. इंचांचे मिलिमीटर झाले, जुने धातूचे मापक जाऊन तंतुकाचेचे आले, मापकाशेजारचे झाड वाढले अथवा तुटले, कचेरी हलली तेव्हा मापकही हलला: यांतील प्रत्येक फेरफाराचा दिनांक आणि कारण यांचा शेरा वहीत असेल तरच जुना आकडा नव्या आकड्याशेजारी मांडता येतो. आकडा टिकतो, शेरा हरवतो, असाच बहुतेक ठिकाणचा अनुभव आहे.

म्हणून या सभेस माझी दोन प्रत्यक्ष कामांची विनंती आहे. पहिली, या परिसरातील जुने बंगले, शाळा, बागा, पाटबंधारे व वन खात्यांच्या चौक्या यांच्याकडे पावसाच्या जुन्या वह्या असतील, त्या रद्दीत जाण्यापूर्वी त्यांच्या प्रतिमा घेऊन पुण्याच्या हवामान कार्यालयाकडे पोचवाव्यात. आणि मापक कोठे होता, तो कोणी व केव्हा हलविला, हे सांगू शकणारी वृद्ध मंडळी हयात आहेत तोवर त्यांच्या जबान्याही टिपून घ्याव्यात. दुसरी, येथे नवे स्वयंचलित मापक बसविले जात आहेत ते स्वागतार्ह आहे, पण जुना हातमापक त्याच दिवशी उचलू नये. दोघांनी निदान काही पावसाळे शेजारी शेजारी उभे राहून एकच पाऊस मोजला पाहिजे. उपग्रहांच्या बाबतीत या शिरस्त्याचा लाभ आपण पाहिला आहे: जुना पर्जन्य-उपग्रह 2015 च्या एप्रिलपर्यंत चालू राहिला आणि नवा 2014 मध्येच कामास लागला, म्हणून दोघांनी वर्षभर एकच आकाश पाहिले आणि दोन मालिका जोडता आल्या. नव्याची कक्षा 2023 च्या नोव्हेंबरात उंचावून त्याचे आयुष्य वाढविण्यात आले आहे. तो कार्यरत आहे तोवरच्या पावसाळ्यांत महाबळेश्वर ते वाई या पट्ट्यातील हातमापक, स्वयंचलित मापक, थेंबमापक आणि मांढरदेवची रडारे एकाच वेळी चालू राहिली, तर पुढच्या उपग्रहाला सह्याद्रीचा पाऊस वाचण्यासाठी लागणारी प्रमाणे येथूनच मिळतील. आणि ती कामगिरी महाबळेश्वराला करता येण्यासारखी आहे.